जुन्या हायब्रिड मोटारीची निष्कास नळी

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही साधने बाळगणारी संकर मोटार, म्हणजे जिला सर्वत्र ‘हायब्रिड’ या नावाने ओळखतात ती, जुनी झाली की तिच्या मालकाला प्रथम चिंता वाटते ती बॅटरीची. ही चिंता अगदीच निराधार नाही. तथापि ज्या प्रदेशांत हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरले जाते, तेथे अशा मोटारीची पहिली गंभीर तक्रार पुष्कळदा बॅटरीची नसते. ती गाडीच्या तळाखालून येते आणि चांगली मोठ्याने ऐकू येते.

उदाहरणादाखल अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचे बफेलो हे शहर घ्यावे. ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या या शहरात वर्षाला सरासरी दोन मीटरांहून अधिक बर्फ पडतो. तेथील एका मालकाची कल्पना करू. त्याच्याजवळ २००८ सालची टोयोटा प्रियस आहे आणि ती २,२०,००० मैल, म्हणजे सुमारे साडेतीन लाख किलोमीटर चाललेली आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी गाडी नेहमीप्रमाणे विजेवर निःशब्द निघते, पण गल्लीच्या कोपऱ्यावर पेट्रोलचे इंजिन सुरू होताच एखाद्या जुन्या ट्रॅक्टरसारखी गरजू लागते. त्याच आठवड्यात चालकासमोरच्या फलकावर इंजिनातील दोषाचा पिवळा दिवा लागतो. गाडीची वार्षिक तपासणी तर महिन्यावर आली आहे. मालक तीन कारखान्यांत जातो. पहिल्या ठिकाणी फुटलेल्या नळीवर पट्टी मारून देण्याचे १२० डॉलर सांगतात. दुसऱ्या ठिकाणी मधली नळी आणि सायलेन्सर बदलण्याचे ४८० डॉलर. तिसऱ्या ठिकाणी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह सगळीच निष्कास व्यवस्था नवी घालावी लागेल असे सांगून १,९२० डॉलरांचा आकडा लिहून देतात. गाडी आज विकायला काढली तर तिचे ३,५०० डॉलर येतील असे धरू. मग कोणाचे ऐकावे?

हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. गाव आणि कारखाना बदलला की ते बदलतील. परंतु आकडे कोणतेही असोत, त्यांची परस्परांशी तुलना करीत बसणे हा या प्रश्नाचा प्रारंभ नव्हे. भोक कोठे पडले आहे, हे आधी समजले पाहिजे. त्यासाठी या नळीतून काय वाहते आणि कसे, याची थोडी माहिती आवश्यक आहे.

इंजिनाच्या सिलिंडरांतून बाहेर पडणारे जळलेले वायू प्रथम एका बहुमुखी नळीत एकत्र येतात. तेथून ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, मग गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या मधल्या नळीत आणि शेवटी मागच्या बाजूच्या सायलेन्सरमध्ये जातात. सर्व व्यवस्था रबराच्या कड्यांनी गाडीच्या तळाला टांगलेली असते. जेथे दोन भाग जोडलेले असतात तेथे गास्केट घालून बोल्ट आवळलेले असतात. या वायूंत पाण्याची वाफ किती असते याची पुष्कळांना कल्पना नसते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. हे पाणी पेट्रोलात नसते. पेट्रोलातील हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून ते निर्माण होते. नळी पुरेशी तापलेली असेल तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. नळी थंड असेल तर ते आतच साचते, ज्वलनातील आम्ल द्रव्ये त्यात मिसळतात आणि सायलेन्सर आतून कुरतडला जाऊ लागतो.

हायब्रिड मोटारीचा स्वभाव येथे तिच्याच मुळावर येतो. सिग्नलला थांबली की तिचे इंजिन बंद, उतारावर बंद, संथ गतीने चालताना बंद. पेट्रोल वाचते ते यामुळेच, पण याच कारणाने मागचा सायलेन्सर पुरता तापत नाही. महामार्गावर रोज शंभर किलोमीटर धावणाऱ्या प्रियसचा सायलेन्सर पुष्कळ वर्षे टिकेल. शाळा, बाजार आणि घर एवढ्याच फेऱ्या करणारीचा आधी जाईल. म्हणून किलोमीटरांचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. बाहेरून मिठाच्या चिखलाचा मारा असतोच. नळी जेथे वाकते, जेथे वेल्डिंग केलेले असते आणि जेथे बोल्ट असतात तेथे तो आधी भिनतो. मूळ कारखान्यातून येणाऱ्या नळ्या बहुधा अल्प क्रोमियम असलेल्या स्टेनलेस पोलादाच्या असतात. त्यांचा पृष्ठभाग लवकर तपकिरी झाला तरी आतले पोलाद पुष्कळ काळ शाबूत राहते. त्यामुळे गंजाचा रंग पाहून घाबरून जाऊ नये. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. टोक आत घुसले तर ते पोलाद संपले असे समजावे.

आता कन्व्हर्टरविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण खर्चाचा मोठा वाटा त्याचाच असतो आणि गैरसमजही त्याच्याविषयीच अधिक असतात. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते यूजीन हूड्री यांनी १९५० च्या दशकात मोटारींच्या धुरासाठी उत्प्रेरकाचा उपयोग करण्याचे प्रयोग केले. परंतु त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे आणि शिसे उत्प्रेरकाला निकामी करते, त्यामुळे ते साधन व्यवहारात येऊ शकले नाही. अमेरिकेत १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि १९७५ च्या नमुन्यांपासून बहुतेक नव्या मोटारींत कन्व्हर्टर बसू लागले. त्याबरोबर बिनशिशाचे पेट्रोलही आले. भारतात हेच पाऊल एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या मोटारींपासून उचलले गेले आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले.

कन्व्हर्टरच्या पोलादी डब्यात सिरॅमिकचा एक ठोकळा असतो. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे त्याला हजारो बारीक आरपार छिद्रे असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम या धातूंचे अत्यंत पातळ लेपन असते. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे येथे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा नायट्रोजन होतो. हे धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. मात्र दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली उष्णतेची: ठोकळा साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो नीट कामाला लागत नाही. दुसरी प्रमाणाची: इंजिनात जाणाऱ्या हवेचे वजन पेट्रोलच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट असले पाहिजे. हे प्रमाण राखण्यासाठी कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन संवेदक बसविलेले असतात, आणि ते निष्कास वायूंत ऑक्सिजन किती आहे हे गाडीतील संगणकाला कळवीत राहतात. कन्व्हर्टर निरोगी असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, म्हणून मागच्या संवेदकाचा संकेत जवळजवळ स्थिर राहतो. तो वारंवार वरखाली होऊ लागला की संगणक कन्व्हर्टरची क्षमता घटल्याची नोंद करतो आणि पिवळा दिवा लावतो. दुरुस्ती करणाऱ्यांच्या भाषेत ही नोंद ‘पी ०४२०’ या संकेतांकाने ओळखली जाते.

बफेलोच्या मालकाला तिसऱ्या कारखान्याने जो मोठा आकडा सांगितला तो या संकेतांकाच्या आधारावर. परंतु ‘पी ०४२०’ याचा अर्थ कन्व्हर्टर बदला असा होत नाही. मागच्या संवेदकाचा संकेत अपेक्षेप्रमाणे नाही, एवढेच तो सांगतो. संकेत बिघडण्याचे एक अगदी स्वस्त कारण असू शकते, आणि ते म्हणजे पुढच्या सांध्यातली गळती. येथे वाचकाला शंका येईल की नळीतून वायू बाहेर जातात, मग बाहेरची हवा आत कशी येईल? निष्कास वायू नळीतून अखंड प्रवाहाने वाहत नाहीत, तर ठोक्याठोक्याने वाहतात. प्रत्येक ठोक्यामागून क्षणभर दाब उतरतो आणि त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. तिच्यातील ऑक्सिजन संवेदकाला दिसतो आणि त्याची साक्ष खोटी ठरते. गळती पुढच्या संवेदकाच्याही अलीकडे असेल तर संगणक इंजिनात हवा जास्त आहे असे समजून पेट्रोलचे प्रमाण वाढवितो. गाडीचे मायलेज घटते आणि ते जास्तीचे पेट्रोल कन्व्हर्टरला छळू लागते. अशा वेळी गास्केट तशीच ठेवून कन्व्हर्टर बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे. नवा बसविल्यावर तोच दिवा पुन्हा लागतो.

म्हणून निष्कास नळीच्या दुरुस्तीचा विचार करताना तिचे दोन भाग कल्पावेत. मागच्या संवेदकापर्यंतचा भाग हा इंजिनाच्या व्यवस्थापनाचाच एक अवयव आहे. तेथील सांधे वायुरोधक असलेच पाहिजेत आणि तेथे तात्पुरती पट्टी चालत नाही. संवेदकाच्या मागचा भाग मात्र प्रामुख्याने आवाज शमविण्याचे आणि वायू गाडीच्या मागे नेऊन सोडण्याचे काम करतो. तेथे भोक पडल्याने इंजिनाचे काही बिघडत नाही आणि मायलेजही घटत नाही. तेथे मूळ कंपनीचाच भाग हवा असाही आग्रह धरण्याचे कारण नाही. दुसऱ्या उत्पादकाची नळी, अथवा स्थानिक कारागिराने वाकवून जोडलेली नळी, हेच काम करील.

तपासणीच्या बाबतीत हायब्रिडची एक अडचण आहे. साध्या मोटारीत इंजिन चालू ठेवून कारागीर खाली वाकतो आणि फुसफुस कोठून येते ते ऐकतो, सांध्याभोवती काजळीचा काळा डाग शोधतो. प्रियसमध्ये इंजिन तापले की ते आपोआप बंद होते आणि गळतीचा आवाजही थांबतो. घाईत असलेला कारागीर मग अंदाजाने बोलतो. यासाठी या मोटारींत तपासणीची एक खास अवस्था ठेवलेली असते. ठरावीक क्रमाने पेडल दाबले व गिअर बदलले की इंजिन सतत चालू राहते. ज्या कारखान्याला ही अवस्था ठाऊक नाही, त्याच्या निदानावर अवलंबून राहू नये. याहून चांगला मार्ग म्हणजे इंजिन बंद ठेवून नळीत यंत्राने धूर सोडणे. तो जेथून झिरपेल तेथे गळती आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. शांत उभी असलेली हायब्रिड बंदच असेल असे नाही. ती ‘सज्ज’ अवस्थेत असेल तर इंजिन कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकते. कारागिराचा हात त्या वेळी कोठे असेल हे ती पाहत नाही. या पिढीच्या प्रियसमध्ये मागच्या बॅटरीपासून पुढे जाणारी उच्च दाबाची केबल गाडीच्या तळाखालून नेलेली आहे. तिचे वेष्टन नारिंगी असते आणि बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट असतो. तळाखाली वेल्डिंग करण्यापूर्वी गाडी पूर्ण बंद करून डिकीतील १२ व्होल्टची छोटी बॅटरी सोडवली पाहिजे आणि ही केबल कोठून गेली आहे हे पाहून घेतले पाहिजे. किल्ली खिशात राहिली तर गाडी चुकून चालू होऊ शकते, म्हणून तीही दूर ठेवावी.

आता एका गोष्टीला हिशेबातून वगळले पाहिजे. मागच्या भागातील भोक इंजिनाला अपाय करीत नाही असे वर म्हटले. ते माणसांना अपाय करू शकते. मागच्या चाकांच्या आसपास नळी फुटली, आणि जुन्या गाडीचा पत्रा गंजून त्याला तेथेच छिद्र पडले असले, तर वायू आसनांच्या जागेत शिरतात. कन्व्हर्टर थंड असताना त्यांत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे प्रवासाच्या शिणावर ढकलली जातात. थंडीच्या प्रदेशात काचा बंद असतात आणि मागच्या आसनावर बहुधा मुले असतात. बर्फाच्या वादळांत नळीचे तोंड बुजून गाडीत बसलेली माणसे दगावल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत. बिनकिल्लीच्या गाड्या घराला लागून असलेल्या बंदिस्त गॅरेजमध्ये चुकून चालू राहिल्यानेही तेथे मृत्यू झाले आहेत. हायब्रिडच्या बाबतीत हा धोका अधिक फसवा असतो, कारण मालक घरात जातो तेव्हा इंजिन बंद असते आणि बॅटरी उतरली की ते आपोआप सुरू होते. ज्या नळीतून वायू आसनांच्या जागेत येण्याचा संभव आहे ती दुरुस्त होईपर्यंत गाडी वापरू नये. येथे डॉलरांचा आणि महिन्यांचा हिशेब मांडणे गैर आहे.

उरलेल्या बाबतींत मात्र हिशेब मांडलाच पाहिजे, आणि तो नीट मांडला पाहिजे. सामान्यतः मालक दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहतात आणि तो निम्म्याच्या वर गेला की गाडी भंगारात काढावी असे म्हणतात. हा नियम सोयीचा आहे, पण फसवा आहे. मालकाला गाडी विकायची नसून वापरायची आहे. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की, या दुरुस्तीने वापराचे किती महिने विकत मिळतात आणि प्रत्येक महिना केवढ्याला पडतो?

वरचे तीन आकडे या कसोटीवर घासून पाहू. १२० डॉलरांची पट्टी सहा महिने टिकली तर महिना २० डॉलरांना पडतो. मिठाच्या दिवसांत ती चारच महिने टिकली तर ३० डॉलरांना. ४८० डॉलरांची नळी व सायलेन्सर दोन वर्षे पुरला तर महिन्याचे २० डॉलर होतात. १,९२० डॉलरांची संपूर्ण व्यवस्था घातली आणि गाडी दोनच वर्षे चालली तर महिना ८० डॉलरांना पडतो; तोही २० डॉलरांवर यावा असे वाटत असेल तर गाडी आणखी आठ वर्षे चालली पाहिजे. सतरा-अठरा वर्षांची, साडेतीन लाख किलोमीटर चाललेली गाडी मिठाच्या रस्त्यांवर आणखी आठ वर्षे काढील, असे छातीठोकपणे कोण सांगू शकेल? नळी नवीकोरी राहील आणि तिच्या वरचा पत्रा झिजून जाईल.

अर्थात ‘गाडी आणखी किती चालेल’ याचे उत्तर निष्कास नळीत सापडत नाही. ते बॅटरीत, इंजिनाच्या तेलात आणि तळाच्या पत्र्यात शोधावे लागते. प्रियसच्या या पिढीतील निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी २८ घटकसंचांची असते. त्यांपैकी एखादा संच दुबळा झाला की सगळी बॅटरी दोष दाखवू लागते. मूळची बॅटरी अजून बसलेली असेल तर तिचा खर्च दाराशी उभा आहे असे धरूनच निष्कास नळीवरील खर्चाला मर्यादा घालावी. उलट बॅटरी दोन वर्षांपूर्वीच बदललेली असेल तर गाडीच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज वाढतो. येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. ‘बॅटरीवर एवढे पैसे घातले, आता गाडी सोडून कसे चालेल?’ असे मालक म्हणतो. घातलेले पैसे परत येणार नाहीत. त्यांना या निर्णयात स्थान नाही. बॅटरीचे जे आयुष्य शिल्लक आहे तेवढेच मोजावे. आणि पत्रा तर सर्वांत आधी पाहावा. जॅक लावण्याच्या जागा गंजून मऊ झाल्या असतील तर बाकीची चर्चा तेथेच संपते.

तेलाचा प्रश्न कन्व्हर्टरशी थेट निगडित आहे. जुन्या इंजिनात पिस्टनच्या कड्या झिजल्या वा चिकटल्या की थोडे तेल जळू लागते. तेलातील फॉस्फरस व जस्त यांचा थर ठोकळ्यावर बसतो आणि त्याखाली मौल्यवान धातू झाकले जातात. एखादा स्पार्क प्लग नीट पेट घेत नसेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि ठोकळा वितळतो. म्हणजे कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही. त्याला कोणीतरी मारलेले असते. मारणारा जागेवर असताना नवा कन्व्हर्टर बसविणे हा पैशांचा निव्वळ अपव्यय आहे. त्यासाठी तेल भरून मोजपट्टीवर खूण पाहावी, १,००० मैल चालवावी आणि पुन्हा पाहावी. पातळी लक्षात येईल इतकी उतरली असेल तर महागडा कन्व्हर्टर घेण्याचा विचार सोडावा. ठोकळा खरोखरच फुटला असेल तर तो हलविल्यावर डब्यात खडे घातल्यासारखा वाजतो. तो तुंबला असेल तर चढावर गाडीचा जोर कमी पडतो. या खुणा मात्र दिव्यासारख्या संदिग्ध नाहीत.

कन्व्हर्टर घ्यावाच लागला तर मूळ कंपनीचा की इतरांचा, हा प्रश्न येतो. इतरांचे कन्व्हर्टर स्वस्त असतात, कारण बहुधा त्यांत मौल्यवान धातू कमी घातलेले असतात. काही काळाने तोच दिवा पुन्हा लागल्याची तक्रार म्हणूनच ऐकू येते. कॅलिफोर्नियात राज्याची मान्यता असलेलाच बदली कन्व्हर्टर विकता वा बसविता येतो आणि न्यूयॉर्कनेही तोच कडक दंडक स्वीकारला आहे. त्यामुळे दुसऱ्या राज्यातून आणलेला स्वस्त माल बफेलोच्या तपासणीत उपयोगी पडणार नाही. कन्व्हर्टरच्या जागी नुसती सरळ नळी जोडून देण्याची तयारी दाखविणारेही भेटतात. अमेरिकेत तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फुप्फुसांवर केलेली ती काटकसर ठरली असती. कंपनीने कन्व्हर्टरची जी हमी द्यावी लागते ती तेथे ८ वर्षे किंवा ८०,००० मैल एवढीच असल्याने २००८ च्या गाडीला तिचा उपयोग नाही.

मूळ कन्व्हर्टरला आणखी एक गिऱ्हाईक असते, ते म्हणजे चोर. २०२१ च्या वसंत ऋतूत एका ट्रॉय औंस ऱ्होडियमचा भाव २५,००० डॉलरांच्या पलीकडे गेला होता, तेव्हा सोने २,००० डॉलरांच्या आत होते. त्या काळात अमेरिकेत रात्रीच्या वेळी गाड्यांखाली शिरून करवतीने कन्व्हर्टर कापून नेण्याची साथच आली. प्रियसवर चोरांचा विशेष डोळा होता. तिच्या कन्व्हर्टरमध्ये हे धातू भरपूर असतात आणि इंजिन कमी चालत असल्याने ते चांगल्या स्थितीत राहतात. पुढे भाव कोसळले, चोऱ्याही कमी झाल्या, पण थांबलेल्या नाहीत. नवा मूळ कन्व्हर्टर बसविणाऱ्याने त्याखाली पोलादी पत्र्याचे कवच बसविण्याचा खर्चही त्याच हिशेबात धरावा. आणि जुना कन्व्हर्टर कारखान्यात तसाच सोडून येऊ नये. त्यातील धातूंचे मोल गिऱ्हाइकाला मिळाले पाहिजे.

हा सगळा खटाटोप जुन्या गाडीसाठी कशाला, असे कोणी विचारील. जपानमध्ये वापरून झालेल्या प्रियस मोठ्या संख्येने मंगोलियात गेल्या आणि उलानबातरच्या कडाक्याच्या थंडीत टॅक्सी म्हणून, घरची गाडी म्हणून वर्षानुवर्षे धावत राहिल्या. एका देशाने जुनी ठरविलेली गाडी दुसऱ्या देशात जुनी ठरत नाही. भारतात प्रियस २०१० मध्ये आली, पण ती फार थोड्यांनी घेतली. २०२२ पासून मात्र पूर्ण हायब्रिड मोटारींचा खप येथे वाढू लागला आहे. बर्फावरील मीठ आपल्याकडे नसले तरी मुंबई, गोवा, चेन्नई येथील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. शहरी वाहतुकीत इंजिन सारखे बंद होते आणि नळी ओली राहते, ही गोष्ट दादरला आणि बफेलोला सारखीच लागू आहे.

बफेलोच्या मालकाकडे परत येऊ. समजा, त्याने चौथ्या ठिकाणी गाडी नेली आणि तपासणीची अवस्था लावून, नळीत धूर सोडून पाहिले. गरजणारा आवाज मधल्या नळीच्या मागच्या वाकणातून येत होता. पिवळा दिवा मात्र त्यामुळे लागलेला नव्हता. कन्व्हर्टरच्या सांध्यातील गास्केट झिजली होती आणि तिच्या स्प्रिंगच्या बोल्टांपैकी एक गंजून तुटला होता. दोन दोष एकाच आठवड्यात उघड झाले, म्हणून ते एक वाटले एवढेच. तळाचा पत्रा दाबून पाहता घट्ट लागला. बॅटरी अजून मूळचीच होती. अशा स्थितीत मधली नळी व सायलेन्सर बदलून, सांध्याला नवी गास्केट आणि नवे बोल्ट घालून, कन्व्हर्टर आहे तसा ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते.

दिव्याची नोंद पुसल्यावर लगेच तपासणीला जाता येत नाही, हे त्याने ध्यानात ठेवले पाहिजे. नोंद पुसली की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात आणि त्या पुऱ्या होईपर्यंत तपासणी केंद्र गाडी परत पाठवू शकते. हायब्रिडमध्ये इंजिन मध्येच बंद होत असल्याने या चाचण्यांना काही दिवस लागतात. त्या काळात महामार्गावर दोन-तीनदा लांबची फेरी मारावी. तपासणीची तारीख महिन्यावर असेल तर काम या आठवड्यात करून घ्यावे, शेवटच्या दिवशी नव्हे. मधल्या काळात तेलाच्या मोजपट्टीवरची खूण आणि मैलांचा आकडा वहीत टिपून ठेवावा. दिवा महिन्याभरात परत लागला नाही तर कन्व्हर्टर निर्दोष होता. लागला, तर त्या वहीतील नोंद पाहिल्यावाचून कोणालाही १,९२० डॉलर देऊ नयेत.